वाचकांचे प्रश्न : कण नॅनोमीटरचे झाले की धातू कसा वाकतो?

गेल्या अंकातील धातूंवरच्या लेखात एक विधान होते : धातूमधला स्फटिककण जितका लहान, तितका धातू मजबूत. या विधानावर ठाणे आणि नवी मुंबईतून बरीच पत्रे आली. काही कारखान्यांतून आली, काही महाविद्यालयांतून, तर काही घरी बसून जिज्ञासेने वाचणाऱ्यांकडून. ते विधान कुठवर लागू पडते आणि त्यापलीकडे काय घडते, हाच बहुतेक पत्रांचा रोख असल्यामुळे या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : वागळे इस्टेटमध्ये माझे हार्ड क्रोम प्लेटिंगचे छोटे युनिट आहे. शाफ्ट आणि हायड्रॉलिक रॉड आमच्याकडे येतात. हल्ली एक विक्रेता नॅनोकणांच्या निकेलचा थर सुरू करा, असा आग्रह करतो. कण जितका लहान तितका थर कठीण, असे तो म्हणतो. हे खरे आहे का, आणि असे बारीक करत करत कुठवर जाता येते? (वाचक, वागळे इस्टेट, ठाणे)

उत्तर : विक्रेता म्हणतो ते एका हद्दीपर्यंत खरे आहे. दहा मायक्रोमीटरच्या आसपास कण असलेल्या निकेलची विकर्स कठिनता (हिऱ्याचे टोक रुतवून पडणाऱ्या खळग्यावरून मोजलेला कठीणपणा) सुमारे 140 असते, आणि विद्युतलेपनाने 10 ते 20 नॅनोमीटर (मीटरचा अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर) कणांचे निकेल चढवले तर तीच 600 च्या घरात जाते. धातू जवळजवळ तोच असतो. फरक पडतो तो कणांच्या आकाराने. हे का होते ते समजून घेतले, तर हद्द कुठे येते हेही आपोआप कळते.

धातूचा तुकडा म्हणजे एकमेकांना चिकटलेले असंख्य स्फटिककण. प्रत्येक कणाच्या आत अणू शिस्तीत रांगा करून बसलेले असतात, पण शेजारच्या कणात त्या रांगांची दिशा वेगळी असते. या दोन दिशा जिथे भिडतात तो अर्धा ते एक नॅनोमीटर जाडीचा विस्कळीत पट्टा म्हणजे कणसीमा. कणातला अणूंचा एक अख्खा थर दुसऱ्या थरावरून एकदम सरकवायला किती प्रतिबल (दर एकक क्षेत्रफळावरचा जोर) लागेल, याचा हिशेब याकोव्ह फ्रेंकेल यांनी 1926 मध्ये मांडला. तांब्यासाठी तो काही गिगापास्कल येतो. प्रत्यक्षात मात्र मऊ तांब्याची पट्टी त्याच्या शंभराव्या हिश्श्यापेक्षाही कमी प्रतिबलाला कायमची वाकते. ही प्रचंड तफावत कशामुळे, याचे उत्तर 1934 मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलानी या तिघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे दिले. स्फटिकात कुठेकुठे अणूंची एखादी पातळी अर्ध्यावरच संपलेली असते आणि तिच्या कडेने रचनेत बिघाडाची एक रेषा तयार होते. तिला डिसलोकेशन म्हणतात. अख्खा थर एकदम सरकत नाही, तर ही रेषा अणूंची एकेक ओळ ओलांडत पुढे जाते आणि ती कणाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचली की थर एका अणूएवढा सरकलेला असतो. 1956 मध्ये ॲल्युमिनियमच्या पातळ पापुद्र्यात या रेषा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष हलताना दिसल्या आणि या कल्पनेबद्दलची शंका मिटली.

आता ही रेषा कणसीमेपाशी येऊन अडते, कारण पलीकडच्या रांगा वेगळ्या दिशेने गेलेल्या असतात. तिच्यामागून त्याच पातळीवर दुसरी येते, तिसरी येते, आणि त्यांची रांग लागते. ठाणे स्थानकाच्या पुलावर जिना अडला की सर्वांत पुढच्या माणसाला मागच्या सगळ्यांचा रेटा सोसावा लागतो. तसाच प्रकार रांगेतल्या पहिल्या डिसलोकेशनचा होतो आणि अखेरीस तो रेटा सीमेपलीकडच्या कणातही सरकण सुरू करतो. कण मोठा असेल तर रांग लांब लागते, रेटा मोठा साठतो आणि बाहेरून थोडे प्रतिबल दिले तरी भागते. कण लहान असेल तर रांगेत उभे राहायला जागाच थोडी असते, म्हणून बाहेरून जास्त जोर लावावा लागतो. 1951 मध्ये हॉल यांनी आणि 1953 मध्ये पेच यांनी पोलादावरच्या मोजमापांतून हा संबंध सूत्रात बसवला : कणसीमांमुळे मिळणारी मजबुती कणाच्या व्यासाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. कण शंभर पट बारीक केला तर मजबुतीचा हा भाग दहा पट होतो.

तांब्याचे आकडे या सूत्रात घालून पाहावेत. 25 मायक्रोमीटरच्या कणांना सुमारे 50 मेगापास्कल यील्ड (धातू कायमचा वाकू लागतो ते प्रतिबल) येते, 100 नॅनोमीटरला 370 च्या आसपास आणि 25 नॅनोमीटरला 700 च्या वर. इथवर प्रयोगही सूत्राला बऱ्यापैकी दुजोरा देतात. सूत्र तसेच पुढे 1 नॅनोमीटरपर्यंत ओढले तर साडेतीन गिगापास्कलसारखा आकडा येतो, आणि तो निरर्थक आहे. एक नॅनोमीटरच्या ‘कणात’ ओळीने जेमतेम चार अणू बसतात, तिथे डिसलोकेशनची रांग ही कल्पनाच उरत नाही. सूत्राचा आधार निसटायला साधारण 20 ते 30 नॅनोमीटरपासून सुरुवात होते आणि 10 ते 15 नॅनोमीटरच्या आसपास मजबुती कळसाला पोचते. त्याखाली अनेक धातू पुन्हा मऊ होऊ लागलेले दिसले आहेत. ते का, हे पुढच्या उत्तरात येईल.

आपल्या धंद्यापुरते दोन शब्द. आपण आज चढवता त्या हार्ड क्रोमची कठिनता 800 ते 1000 विकर्स असते आणि त्याचे कणही मुळात अतिशय बारीक असतात. तेव्हा नुसते नॅनोनिकेल कठिनतेत त्याच्या पुढे जाणार नाही. क्रोमला पर्याय शोधण्याचे खरे कारण टाकीतले षट्संयुजी क्रोमियम हे आहे, जे कर्करोगाला कारणीभूत ठरते. टाकीवर काम करणाऱ्या माणसांचा विचार करता हे कारण मला कठिनतेच्या आकड्यापेक्षा कितीतरी मोठे वाटते. दुसरे असे की, प्लेटिंगनंतर हायड्रोजन काढून टाकण्यासाठी आपण माल सुमारे 200 अंश सेल्सिअसला भट्टीत ठेवता. शुद्ध नॅनोनिकेलचे कण 200 ते 300 अंशांच्या टप्प्यात भराभर वाढू लागतात आणि कष्टाने मिळवलेली कठिनता निघून जाते. बाथमध्ये कण बारीक राखण्यासाठी सॅकरिन घातलेले असेल तर त्यातले गंधक तापल्यावर कणसीमांवर जमते आणि थर ठिसूळ करते. म्हणून विक्रेत्याकडे भट्टीतून काढल्यानंतरच्या थराची कठिनता मागा. निकेलमध्ये टंगस्टन मिसळलेला थर या बाबतीत पुष्कळ स्थिर असतो, कारण टंगस्टनचे अणू कणसीमांकडे ओढले जातात आणि कण वाढण्याला आळा घालतात.

प्रश्न : 10 नॅनोमीटरच्या कणात डिसलोकेशन मावत नाही, असे आम्हांला वर्गात शिकवले. मग असा धातू ताणला तर तो काचेसारखा सरळ तुटायला हवा. तो वाकतो तरी कसा? (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, ऐरोली)

उत्तर : ‘मावत नाही’ या शब्दांत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. पहिली म्हणजे, कणाच्या आत नवी डिसलोकेशन जन्माला घालणारे स्रोत बंद पडतात. असा स्रोत म्हणजे दोन टोकांना अडकलेला डिसलोकेशनचा तुकडा; प्रतिबल वाढले की तो धनुष्यासारखा वाकतो आणि त्यातून नवी वलये सुटतात. तो वाकवायला लागणारे प्रतिबल त्याच्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात असते. तांब्यात 1 मायक्रोमीटर लांबीच्या तुकड्याला सुमारे 12 मेगापास्कल कर्तन प्रतिबल (थर एकमेकांवरून सरकवणारे प्रतिबल) पुरते. 20 नॅनोमीटरच्या तुकड्याला 600 लागते. दुसरी गोष्ट म्हणजे, कणात डिसलोकेशन साठून राहू शकत नाही. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण डिसलोकेशन कणातून आरपार जाऊ शकत नाही असे त्यावरून ठरत नाही.

प्रत्यक्षात साधारण 100 ते 15 नॅनोमीटरच्या टप्प्यात कणसीमाच स्रोताचे काम हाती घेते. समोरासमोरच्या दोन सीमांपैकी एकीतून डिसलोकेशन सुटते, कण ओलांडते आणि दुसरीत विरून जाते. आत काहीच मागे उरत नाही. याचा एक सुंदर पुरावा 2004 मध्ये स्वित्झर्लंडमधील पॉल शेरर संस्थेतून आला. तिथल्या संशोधकांनी नॅनोस्फटिकी निकेल ताणत असतानाच त्यावर क्ष-किरण टाकले. नेहमीच्या धातूत विरूपण झाले, म्हणजे त्याचा आकार बदलला, की क्ष-किरणांच्या विवर्तनाची शिखरे (अणूंच्या रांगांवरून परतणाऱ्या किरणांच्या आलेखातले उंचवटे) रुंद होतात आणि भार काढला तरी तशीच राहतात, कारण आत डिसलोकेशनचा गुंता साठलेला असतो. या निकेलमध्ये शिखरे भाराखाली रुंद झाली आणि भार काढताच जवळजवळ पूर्ववत झाली. नमुना कायमचा लांबला होता, पण त्या लांबण्याची कणांच्या आत काही खूण राहिली नव्हती. या विषयातले मला सर्वांत बोलके वाटणारे निरीक्षण हेच आहे, आणि पुढच्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच दडलेले आहे.

कण आणखी लहान झाला की सीमेतून अख्खे डिसलोकेशन सुटणेही महाग पडते आणि त्याचा अर्धा भाग, ज्याला आंशिक डिसलोकेशन म्हणतात, तो एकटाच कण ओलांडतो. तो गेला त्या वाटेवर अणूंच्या थरांचा क्रम चुकतो. अशा आंशिक डिसलोकेशनची लागोपाठच्या पातळ्यांवर माळ लागली की कणाचा एक पट्टा उरलेल्या कणाची आरशातली प्रतिमा बनतो. त्याला ट्विन म्हणतात. ॲल्युमिनियम हा धातू नेहमीच्या कणांचा असताना ट्विन करत नाही, कारण थरांचा क्रम चुकवायला त्यात फार ऊर्जा लागते. तरीही 2003 मध्ये नॅनोस्फटिकी ॲल्युमिनियममध्ये विरूपणाने तयार झालेले ट्विन सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. आकार बदलला की धातूचा स्वभावच बदलू शकतो, हे त्यातून ठळकपणे समोर आले.

आता 10 नॅनोमीटरच्या खाली उतरू. एका ओळीत जेमतेम 40 अणू मावतील एवढा हा कण. सीमेची जाडी 1 नॅनोमीटर धरली तर एकंदर आकारमानाच्या सुमारे 27 टक्के भाग कणसीमांचा असतो. 5 नॅनोमीटरच्या कणांत तो निम्म्याजवळ जातो, तर 1 मायक्रोमीटरच्या कणांत एक टक्क्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाही नसतो. धातूचा एवढा मोठा वाटा विस्कळीत असेल, तर विरूपण त्या वाट्यातूनच होणार हे ओघानेच आले. 1998 मध्ये डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातील श्योट्झ, दी टोला आणि याकोबसन यांनी संगणकावर तांब्याचे असे नॅनोकण रचून ताणून पाहिले, तेव्हा कणसीमांवर मूठभर अणू इथे, मूठभर तिथे, असे सुटेसुटे सरकताना दिसले. या असंख्य बारीक सरकणींची बेरीज म्हणजेच विरूपण. कण एकमेकांवरून घसरतात, थोडे फिरतात, आणि कण लहान होईल तसा धातू मऊ होत जातो. श्योट्झ आणि याकोबसन यांनीच 2003 मध्ये दाखवले की, तांब्याची मजबुती 10 ते 15 नॅनोमीटरला कळस गाठते. तिथे डिसलोकेशनचा कारभार संपतो आणि कणसीमांचा सुरू होतो. मात्र असे संगणकीय प्रयोग वाचताना एक सावधगिरी बाळगायला हवी. गणनेला वेळ फार लागत असल्यामुळे त्यांत विकृतीचा दर, म्हणजे ताणण्याचा वेग, सेकंदाला काही कोटींच्या घरात घ्यावा लागतो, तर प्रयोगशाळेतले यंत्र तोच दर सेकंदाला एक हजारांशाच्या आसपास ठेवते. एवढ्या घाईत अणूंना विसरणाने सावकाश जागा बदलण्याची संधीच मिळत नाही, म्हणून संथ घडणाऱ्या गोष्टी या चित्रातून गळून पडतात.

त्या संथ गोष्टींपैकी महत्त्वाची म्हणजे कणसीमांवरून होणारे अणूंचे विसरण. कोबल यांनी 1963 मध्ये दाखवले की, या मार्गाने होणाऱ्या विरूपणाचा वेग कणाच्या व्यासाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. कण निम्मा केला की वेग आठ पट होतो. 1989 मध्ये अतुल चोक्शी, जे पुढे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाले, यांनी जर्मनीतील हर्बर्ट ग्लायटर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर नॅनोस्फटिकी तांबे व पॅलेडियम यांची कठिनता मोजली, तेव्हा कण लहान होईल तशी ती कमी होताना आढळली. हॉल आणि पेच यांच्या सूत्राच्या हे थेट उलट होते, आणि त्यांनी त्याचे कारण म्हणून कोबलचाच मार्ग सुचवला. त्यानंतर बरीच वर्षे वाद चालला. त्या काळचे नमुने धातूची वाफ थंड करून मिळवलेली भुकटी दाबून बनवलेले असत आणि त्यांत सूक्ष्म पोकळ्या राहत. मऊपणातला काही वाटा त्या पोकळ्यांचा होता, असे पुढे अधिक घट्ट नमुन्यांवरून दिसले. तरीही उलटी दिशा ही निव्वळ नमुन्यांच्या दोषामुळे भासलेली गोष्ट नाही, हे आज बहुतेक मान्य आहे.

तुमच्या शिक्षकांना विचारावा असा मुद्दा इथून पुढे सुरू होतो. 10 नॅनोमीटरखाली धातू मऊ होतो हे आकाराचे अटळ फळ आहे, की त्या विशिष्ट कणसीमा ढिल्या होत्या म्हणून तसे घडते? गेल्या काही वर्षांतले पुरावे मला दुसऱ्या बाजूला झुकणारे वाटतात. 2017 मध्ये चीनमधील लू के यांच्या गटाने निकेलमध्ये मॉलिब्डेनम मिसळून 10 नॅनोमीटरहून लहान कणांचे थर बनवले. ते तसेच तपासले तेव्हा मऊ होते. पण थोडे तापवून कणसीमा स्थिरावू दिल्या, मॉलिब्डेनम त्यांच्यावर जमू दिले, तेव्हा तेच थर अतिशय कठीण झाले. 2020 मध्ये आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात निकेलची भुकटी हिऱ्यांच्या जबड्यात प्रचंड दाबाखाली ठेवून तिची मजबुती मोजली, आणि 3 नॅनोमीटरपर्यंत कण लहान केले तरी ती वाढतच गेली. दाबामुळे कणसीमांवरचे घसरणे अडले होते. म्हणजे कणसीमेला घसरू दिले नाही तर कळस आणखी खाली सरकतो. कणाचा व्यास ही अर्धीच माहिती आहे. सीमा कशी बनली आहे, तिच्यावर कोणते परके अणू बसले आहेत, ती किती स्थिरावली आहे, हे कळल्याखेरीज धातू कसा वागेल ते सांगता येत नाही.

प्रश्न : एवढी मजबुती मिळत असेल तर अटल सेतूसारखे पूल नॅनोकणांच्या पोलादाचे का बांधत नाहीत? निम्म्या वजनात काम झाले असते. (निवृत्त शिक्षक, उलवे, नवी मुंबई)

उत्तर : पुलाच्या पोलादाकडून केवळ ताकदीची अपेक्षा नसते. जास्त भार आला तर ते तुटण्याआधी ताणले जावे, इशारा द्यावा, भूकंपाची ऊर्जा पचवावी, ही अपेक्षा ताकदीइतकीच मोठी असते. नॅनोस्फटिकी धातू नेमका इथे कमी पडतो. ऐरोलीच्या विद्यार्थिनीला दिलेल्या उत्तरात आले तसे, त्याच्या कणांत डिसलोकेशन साठत नाहीत. नेहमीचा धातू ताणताना ती साठतात, एकमेकांत गुंततात आणि ताणलेला भाग अधिक कठीण होतो. तांब्याची तार एकाच जागी वाकवत राहिले की ती जागा ताठ होते आणि पुढचा वाक शेजारी सरकतो, हा अनुभव सगळ्यांना असेल. ताणलेल्या सळईत कुठे थोडी बारीक जागा झाली तरी ती जागा कठीण होऊन स्वतःला सावरते. धातू कठीण होण्याचा वेग प्रतिबलाच्या मानाने कमी पडला की ही सावरण्याची क्षमता संपते आणि सळईला एका जागी मान पडते, म्हणजे ती तिथेच बारीक होत जाते, हा नियम फ्रेंच अभियंता कोंसिदेर यांनी 1885 मध्ये मांडला. नॅनोस्फटिकी धातूत प्रतिबल फार मोठे आणि कठीण होण्याचा वेग जवळजवळ शून्य, त्यामुळे ताणायला घेतला की काही टक्क्यांतच त्याला मान पडते आणि तो तुटतो. दाबाखाली गोष्ट वेगळी असते : 2000 मध्ये लू के यांच्याच गटाने सुमारे 28 नॅनोमीटर कणांचे तांबे नेहमीच्या तापमानाला लाटून 5000 टक्क्यांहून अधिक लांब केले, आणि ते फाटले नाही.

यातून वाट काढण्याचे प्रयत्न झाले आहेत आणि ते मला फार आशादायक वाटतात. 2002 मध्ये तांबे द्रव नायट्रोजनच्या थंडाव्यात लाटून मग थोडा वेळ तापवले, तेव्हा बारीक कणांच्या पसाऱ्यात काही मोठे कण वाढले. बारीक कणांनी मजबुती दिली आणि मोठ्या कणांत डिसलोकेशन साठायला जागा मिळाल्याने तांबे तुटण्यापूर्वी 65 टक्क्यांपर्यंत ताणता आले. 2004 मध्ये कणांच्या आत नॅनोमीटर अंतरावर ट्विनच्या सीमा ओळीने रचून तांब्याची मजबुती 1 गिगापास्कलपर्यंत नेली. ट्विनची सीमा सुबक आणि शिस्तीची असल्याने विजेच्या प्रवाहाला ती फारशी अडवत नाही, म्हणून या तांब्याची वाहकता जवळजवळ शुद्ध तांब्याइतकीच राहिली. सर्वसाधारण कणसीमांनी हे साधले नसते.

आणि पुलाबद्दल सांगायचे तर, बारीक रचनेचे पोलाद पुलात नाही असे नाही. अटल सेतूच्या बऱ्याच गाळ्यांचे काँक्रीट पूर्वताणित आहे, म्हणजे आतल्या पोलादी केबल ताणून ते दाबाखाली ठेवलेले असते. अशा केबलच्या तारा साच्यांतून थंड अवस्थेतच ओढून बारीक केलेल्या असतात. ओढताना पोलादातले लोह आणि कार्बाइड यांचे आलटूनपालटून असलेले थर पातळ होत जाऊन त्यांच्यातले अंतर 100 नॅनोमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी होते. नेहमीच्या बांधकामाच्या पोलादाची ताकद 400 ते 500 मेगापास्कल, तर या तारांची 1860 पर्यंत. मात्र पोलादाचे संपूर्ण तुळईएवढे ठोकळे नॅनोकणांचे बनवून, ते जोडताना वेल्डिंगच्या उष्णतेने कण वाढू न देणे, ही गोष्ट आजच्या तंत्रात बसत नाही.

प्रश्न : कण लहान लहान करत शेवटी कणच नाहीसा झाला तर? (शाळकरी वाचक, खारघर)

उत्तर : मग तो धातू काचेसारख्या रचनेचा होतो, आणि असे धातू खरोखर बनवले जातात; वितळलेला मिश्रधातू सेकंदाला लाखो अंशांच्या वेगाने थंड केला की अणूंना रांगा लावायला सवडच मिळत नाही. त्यात कण नाहीत, सीमा नाहीत, डिसलोकेशनही नाही. तो फार मजबूत असतो, पण ताणला की सगळे विरूपण दहा-वीस नॅनोमीटर जाडीच्या एखाद्या पट्ट्यात एकवटते आणि त्या पट्ट्यावरच तो फाटतो. विजेच्या काही ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात अशा धातूच्या पातळ पट्ट्या वापरतात, मात्र त्या मजबुतीसाठी नसून चुंबकीय गुणांसाठी असतात.

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेत अतिसूक्ष्म कणांच्या तांब्याच्या थराची कठिनता तपासताना, भार जास्त वेळ ठेवला तर आकडा कमी येतो. यंत्राची कसोटी बरोबर आहे. मग हे काय आहे? (तपासणी विभागातील वाचक, रबाळे)

उत्तर : यंत्र बरोबर असेल तर आपण धातूचाच एक गुण मोजत आहात. नॅनोस्फटिकी तांबे नेहमीच्या तापमानालाही भाराखाली सावकाश वाहत राहते, आणि विकृतीच्या वेगाला ते नेहमीच्या तांब्यापेक्षा कितीतरी अधिक संवेदनशील असते. तेव्हा सावकाश मोजले की आकडा कमी येणे स्वाभाविक आहे. पण याखेरीज आणखी एक गोष्ट घडत असू शकते. अमेरिकेत ज्युलिया वीर्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिशुद्ध नॅनोस्फटिकी तांब्यात टोक रुतवून ठेवले, तेव्हा खळग्याजवळचे कण काही मिनिटांतच मोठे झालेले आढळले. उष्णतेने असे झाले असेल, या शंकेने त्यांनी तोच प्रयोग द्रव नायट्रोजनच्या तापमानाला करून पाहिला, तर तिथे कण आणखी वेगाने वाढले. याचा अर्थ, कणसीमांना हलवणारी शक्ती उष्णतेची नसून प्रतिबलाची होती. सीमा सरकते, एक कण शेजाऱ्याला गिळतो, आणि ते सरकणे हाच विरूपणाचा एक मार्ग ठरतो. तांब्यात अशुद्धी असेल तर ती सीमांना खिळवते आणि हा परिणाम कमी होतो, म्हणून दोन पुरवठादारांचे एकाच कणाकाराचे थर वेगळे वागले तर आधी त्यांची शुद्धता तपासून पाहा.

विकर्स चाचणीत भार 10 ते 15 सेकंद ठेवण्याची पद्धत आहे. ती काटेकोरपणे पाळा आणि अहवालात तो वेळ नोंदवा. खळग्याची खोली थराच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त होऊ देऊ नका, नाहीतर खालच्या धातूचा मऊपणा आकड्यात मिसळतो. क्ष-किरणांवरून काढलेला कणाकार ही केवळ सरासरी असते. थरात थोडेसे मोठे कण मिसळलेले असले तर ते त्या सरासरीत लपतात, आणि विरूपणाची सुरुवात बहुधा त्यांच्यातूनच होते. शक्य असेल तर एखादा नमुना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घ्या, आणि तोच भाग चाचणीनंतर खळग्याच्या कडेला पुन्हा पाहा. कण वाढले आहेत की धातू नुसता वाहिला आहे, याचा निर्णय तिथे होईल.